‘पाकिजा’तील काचेवरचे नृत्य: ते पाय कोणाचे?

मेघमंद

गेल्या रविवारी आमच्या घरी ‘पाकिजा’ पुन्हा एकदा पाहणे झाले. मी तो याआधी चार-पाच वेळा पाहिला आहे. माझ्या मुलीने मात्र पहिल्यांदाच पाहिला. ती चौदा वर्षांची आहे आणि गेली सहा वर्षे कथ्थक शिकते आहे. शेवटी नायक सलीमच्या लग्नाच्या मैफलीत नायिका, तवायफ साहिबजान (मीनाकुमारी) फुटलेल्या काचेवर नाचते, ते ‘तीर-ए-नज़र देखेंगे’ सुरू होऊन मिनिटभरही झाले नसेल, तोच ती म्हणाली, “आई, हे पाय तिचे नाहीत.” मी तिला गप्प बसवले, कारण मला ते दृश्य नेहमीसारखे डोळे पुसत पाहायचे होते. दुसऱ्या दिवशी वाचून पाहिले, तेव्हा तिचेच खरे निघाले. मीनाकुमारींच्या जागी तिथे पद्मा खन्ना नाचल्या आहेत.

आता माझी अडचण अशी आहे की हा सारा चित्रपटच पायांचा आहे. आगगाडीच्या डब्यात झोपलेल्या साहिबजानचे पाय सलीम पाहतो आणि ते जमिनीवर टेकवू नका, मळतील, अशी चिठ्ठी ठेवून निघून जातो. त्या चिठ्ठीवर ती पुढची वर्षे जगते. त्या वेळी त्या पायांना घुंगरू बांधलेले नसावेत, नाहीतर त्याने तसे लिहिले नसते, असे तिच्या मैत्रिणीचे म्हणणे असते. आणि शेवटी तेच पाय त्याच्याच घरातल्या पांढऱ्या बिछायतीवर रक्ताचे ठसे उमटवत जातात. म्हणजे ज्या पायांवर कथा उभी आहे, ते पाय कथेच्या ऐन कळसाला दुसऱ्याच बाईचे आहेत. हे कळल्यापासून ते दृश्य मला पूर्वीसारखे पाहता येत नाही, आणि यात माझे काही चुकते आहे का, हेही ठरत नाही.

दिग्दर्शकाला असे का करावे लागले, आणि नृत्याच्या अंगाने या दृश्याकडे कसे पाहावे, याविषयी जाणकारांनी लिहावे ही विनंती.

---

जुना_पडदा

आपल्या मुलीची नजर तयार आहे, हे आधी सांगतो. माझ्यासारख्याला ही गोष्ट कळायला तीस वर्षे लागली, आणि तीही छापील मजकुरातून.

कारण अगदी साधे आहे आणि दुःखदही. ‘पाकिजा’चे काम १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झाले. तेव्हा मीनाकुमारी पंचविशीच्या आतबाहेर होत्या. ‘इन्हीं लोगों ने’ हे गाणे आधी कृष्णधवल चित्रित झाले होते, आणि तो तुकडा आजही पाहायला मिळतो. पुढे रंगीत सिनेमास्कोपचा निर्णय झाल्यावर ते नव्याने चित्रित केले गेले. १९६४ साली दिग्दर्शक कमाल अमरोही आणि त्यांच्या पत्नी मीनाकुमारी विभक्त झाले आणि काम थांबले. नर्गिस आणि सुनील दत्त यांनी मध्यस्थी केल्यावर १९६९च्या मार्चमध्ये ते पुन्हा सुरू झाले. तोपर्यंत छायाचित्रकार जोसेफ वीर्शिंग १९६७ साली आणि संगीतकार गुलाम मोहम्मद १९६८ साली निवर्तले होते, आणि नायिका स्वतः यकृताच्या विकाराने खंगलेली होती. तिला द्रुत लयीत गिरक्या घ्यायला लावणे कोणत्याही दिग्दर्शकाला शक्य नव्हते. चित्रपट ४ फेब्रुवारी १९७२ रोजी प्रदर्शित झाला आणि ३१ मार्चला मीनाकुमारी गेल्या.

‘चलो दिलदार चलो’ हे नावेतले गाणे आता पुन्हा पाहावे. नायिका बहुतेक वेळ पाठमोरी आहे. प्रेमगीतात नायिकेचा चेहरा दाखवायचाच नाही, हा त्या वेळी मला मोठा काव्यात्म विचार वाटला होता. तो काव्यात्म आहेच, पण तिथेही पाठ पद्मा खन्नांची आहे.

पद्मा खन्ना म्हणजे ‘जॉनी मेरा नाम’मधील नर्तकी, आणि ज्यांची रविवारची सकाळ दूरदर्शनपुढे गेली त्यांच्यासाठी ‘रामायण’ मालिकेतील कैकेयी.

---

तत्कार

मी नाशिकला कथ्थक शिकवते, म्हणून मुलीला ते पाय वेगळे का वाटले असावेत यावर थोडे लिहिते.

नर्तकी तत्कार करते, म्हणजे तालात पायांचे आघात करते, तेव्हा तो आघात पायापाशी संपत नाही. त्याचा हादरा पोटरीतून, पाठीतून वर खांद्यापर्यंत पोहोचतो आणि शेवटी कानातल्या झुमक्यांना हलवतो. मुलीला पुढच्या वेळी चेहऱ्याच्या जवळच्या चित्रांत झुमके आणि खांदे पाहायला सांगावे. खाली पाय जोरात चालू असल्याचा आवाज येतो आहे आणि वरचे शरीर त्या आवाजाला किती उत्तर देते आहे, एवढेच तपासावे. दुसरी खूण चक्करची आहे. चक्कर घेताना शिकलेली नर्तकी नजर एका जागी रोखून धरते आणि मान सर्वांत शेवटी फिरवते. शिकलेले शरीर दूरच्या चित्रातही ओळखू येते, मग चेहऱ्यावर ओढणी कितीही खाली ओढलेली असो. संकलनाचा नियमही उघड आहे: चेहरा असतो तेव्हा पाय चौकटीबाहेर, आणि पाय असतात तेव्हा चेहरा ओढणीआड किंवा पाठीमागे.

पण याचा अर्थ मीनाकुमारींना नृत्य येत नव्हते असा कोणी काढू नये, आणि यासाठी ‘इन्हीं लोगों ने’ नीट पाहायला हवे. या चित्रपटाचे नृत्यदिग्दर्शन लच्छू महाराजांचे आहे. गौरीशंकर यांचेही नाव त्यात आहे. लच्छू महाराज हे अच्छन महाराजांचे धाकटे भाऊ आणि बिरजू महाराजांचे काका. लखनौ घराण्यात पायाच्या करामतीइतकाच, किंबहुना त्याहून अधिक मान भावाला, म्हणजे अभिनयातून अर्थ सांगण्याला, आहे. ठुमरीची एकच ओळ धरून, जागेवर बसून, केवळ भुवई, मनगट आणि पदर यांवर तीच ओळ दहा वेगळ्या अर्थांनी सांगणे ही तिथली खरी परीक्षा मानतात. आपल्याकडे बैठकीची लावणी ज्यांनी जवळून पाहिली आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. तिथेही कलावंतीण उठून उभी राहत नाही. अदा बसूनच होते, आणि समोरच्या माणसाला आपल्यालाच उद्देशून हे चालले आहे असे वाटावे लागते.

‘इन्हीं लोगों ने’ची रचना जुनी, परंपरेतून आलेली आहे. तिच्यात तक्रार आहे ती दुपट्टा हिरावून घेतल्याची, आणि साक्षीला तीन माणसे बोलावलेली आहेत: कापड विकणारा बजाज, ते गुलाबी रंगवणारा रंगरेज आणि भर बाजारात ते ओढून घेणारा शिपाई. पडद्यावर यांपैकी कोणीही नाही. अशर्फीला गज या भावाने मोजून दिलेले कापड हाताच्या एका लांबीत दाखवायचे, मग रंग, मग ओढाताण, आणि हे सगळे तक्रारीच्या सुरात पण ओठांवरचे हसू न सोडता, कारण समोर बसलेले गिऱ्हाईक हेच ‘इन्हीं लोग’ आहेत. ती बोट दाखवते ते त्यांच्याकडे, आणि पैसे फेकणारेही तेच. हे मीनाकुमारींनी स्वतः केले आहे, आणि सहा वर्षे काय, साठ वर्षे तत्कार घोटूनही ते जमेलच असे नाही.

त्या गाण्यात साहिबजानच्या मागे दूरवर पाहावे. बाजारातल्या इतर माड्यांच्या सज्जांत इतर मुली आपापल्या गिऱ्हाइकांपुढे नाचताना दिसतात. पुढच्या नर्तकीवर नजर खिळलेली असताना त्या सहसा ध्यानात येत नाहीत. एकदा ध्यानात आल्या की गाण्याचा गोडवा घशात अडकतो. त्या बाजाराचे कलादिग्दर्शन एन. बी. कुलकर्णी यांचे, आणि त्यासाठी त्यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला होता.

आता काचेविषयी. एकदा एका कार्यक्रमात सतरंजीखालून वर आलेला खिळा माझ्या उजव्या तळव्यात घुसला. नाचणे थांबवले नाही, पण त्यानंतर उजव्या पायाची प्रत्येक थाप आपोआप हलकी पडू लागली. मी ठरवून जोर लावत होते आणि पाय ऐकत नव्हता. साथीला बसलेल्या तबलजींनी तीन आवर्तनांत ओळखले आणि ठेका खाली आणला. चित्रपटात तसे होत नाही. काचेवर पाय पडल्यावरही घुंगरू आधीइतकेच स्वच्छ वाजतात, कारण तो आवाज ध्वनिमुद्रणाच्या वेळचा आहे. माझ्या मते पाय दुसरीचे असण्यापेक्षा ही लबाडी मोठी आहे, आणि तरीही ती क्षम्य आहे, कारण दुखणाऱ्या पायाचा खरा आवाज ऐकवला असता तर साहिबजान हरलेली वाटली असती. ती तिथे हरायला आलेली नाही.

---

भुईकोट

मी सोलापूरचा. हा चित्रपट मी १९७२च्या उन्हाळ्यात पाहिला. दुष्काळाचे वर्ष होते. सकाळी रेशनच्या दुकानापुढे लाल मिलो ज्वारीसाठी रांग आणि दुपारी तिकिटासाठी रांग, असा तो काळ. घरी भाकरी थापताना मिलोचे पीठ तुटते म्हणून आई चिडचिड करीत असे, आणि आम्ही दोघे भाऊ तीन तास गुलाबी कारंजी पाहून घरी परत येत होतो. आज याची थोडी लाज वाटते, पण त्या वर्षी दुसरे काय सुंदर पाहायला मिळाले होते, असेही वाटते.

मीनाकुमारी तेव्हा नुकत्याच गेल्या होत्या आणि हे चित्रपटगृहातल्या प्रत्येकाला ठाऊक होते. त्यामुळे पाय कोणाचे, हा प्रश्न कोणाच्या मनात येण्याची शक्यताच नव्हती. काचेवरचे नृत्य सुरू झाल्यावर माझ्या शेजारी बसलेल्या अनोळखी गृहस्थांनी चपला काढून पाय वर खुर्चीत घेतले. अख्खे गाणे ते तसेच मांडी घालून बसले होते. आपण विचारले आहे की ते दृश्य कसे पाहावे. माझ्यापुरते मला ते आजही त्या गृहस्थांच्या शेजारी बसूनच पाहता येते.

---

नीरक्षीर

वरील सर्व प्रतिसाद आदराने वाचले, तरी माझा सूर थोडा वेगळा आहे. ‘मीनाकुमारी आजारी असूनही काचेवर नाचल्या’ असे वाक्य मी आजवर किती लेखांत वाचले आणि किती निवेदकांकडून ऐकले, याची गणती नाही. त्या वाक्यात आजार खरा आहे, काच कथेपुरती खरी आहे आणि नाचणे दुसरीचे आहे. पद्मा खन्ना तेव्हा विशीच्या आसपास होत्या. आपण कोणीतरी दुसरी आहोत असे दिसावे, आपला चेहरा चुकूनही दिसू नये, आणि तरी नृत्यातला त्वेष कमी पडू नये, असे हे काम आहे. कथेतही साहिबजानकडून जगाची हीच अपेक्षा असते, की तिने समोर असावे, पण तिला स्वतःचे नाव नसावे. सलीम तिला ‘पाकिजा’ हे नाव देतो तेव्हाही ते त्याने दिलेलेच असते, आणि निकाहाच्या वेळी ती तिथून पळून जाते. ज्या चित्रपटाने ही व्यथा इतकी जिवाला लावून सांगितली, त्याच्या चाहत्यांनी तरी नाचणाऱ्या मुलीचे नाव विसरायला नको होते.

हे पहिल्यांदाच घडले असेही नाही. ‘मुगल-ए-आझम’मध्ये ‘प्यार किया तो डरना क्या’च्या दूरच्या काही चित्रांत मधुबाला नाहीत, लच्छू महाराजांच्याच पथकातील लक्ष्मीनारायण हा पुरुष नर्तक आहे. त्याच्या चेहऱ्यावर मधुबालांचा मुखवटा होता आणि तो घडवला होता शिल्पकार बी. आर. खेडकर यांनी. मधुबालांच्या हृदयाला जन्मतः छिद्र होते, म्हणजे कारण तिथेही आजारपणाचेच. अकबराच्या शीशमहालात छतावरच्या शेकडो आरशांत जी अनारकली फिरताना दिसते ती कधीकधी मिशी काढलेला एक गृहस्थ आहे, हे समजल्यावर मला आधी हसू आले आणि मग त्या गृहस्थाविषयी कमालीचा आदर वाटला. (मिशीचा तपशील माझ्या कल्पनेतला आहे, तेवढा कोणी खरा धरू नये.)

मेघमंदताई, आपले दृश्य बिघडलेले नाही. आता तिथे दोन स्त्रिया दिसू लागल्या आहेत, एवढाच फरक पडला आहे.

---

तत्कार

नीरक्षीर यांच्या म्हणण्यातला पहिला भाग मान्य आहे, आणि माझ्याही प्रतिसादात पद्मा खन्नांच्या नृत्याविषयी एक ओळ नव्हती, हे आता ध्यानात आले. त्या पुढे अमेरिकेत न्यू जर्सीला राहून कथ्थक शिकवत राहिल्या, म्हणजे नृत्य त्यांच्यासाठी केवळ चित्रपटापुरते नव्हते.

मात्र ‘दोन स्त्रिया’ हे मला पुरेसे वाटत नाही. त्या नृत्यातला आवाज लताबाईंचा आहे, म्हणजे तीन झाल्या. आणि दूरच्या चित्रात पद्मा खन्नांच्या अंगावर जो पोशाख फिरतो, तो मीनाकुमारींनी योजलेला आहे. या चित्रपटाच्या वेशभूषेचे काम त्यांनीच केले होते. म्हणजे ज्या क्षणी त्या चौकटीत नाहीत असे आपण म्हणतो, त्या क्षणीही घेराचा प्रत्येक वळसा त्यांनी आधी मनात फिरवून पाहिलेला असणार. दुसरीच्या अंगावर तो फिरेल, हे तेव्हा त्यांना ठाऊक होते की नाही, कोण जाणे.

---

समेवर

नृत्याची एवढी चर्चा झाली, म्हणून दोन शब्द संगीताविषयी, आणि तेही एक गैरसमज वाढू नये एवढ्यासाठी. अनेक ठिकाणी या चित्रपटाचे संगीत सरसकट नौशाद यांच्या नावावर लिहिले जाते. ज्या मुजऱ्यांविषयी आपण बोलत आहोत ती सर्व गाणी गुलाम मोहम्मद यांची आहेत. ते वर्षानुवर्षे नौशाद यांचे सहायक होते, स्वतः तालवाद्ये वाजवणारे होते, आणि ते या गाण्यांच्या ठेक्यात पदोपदी जाणवते. त्यांच्या निधनानंतर नौशाद यांनी पार्श्वसंगीत पूर्ण केले आणि त्यात परवीन सुलताना, राजकुमारी, वाणी जयराम यांच्या आवाजातील ठुमरी-दादऱ्याचे तुकडे पेरले. आपल्या बेळगावच्या शोभा गुर्टूही या चित्रपटासाठी गायल्या होत्या. फिल्मफेअरचा संगीताचा पुरस्कार त्या वर्षी ‘बेईमान’ला मिळाला, आणि गुलाम मोहम्मद यांना डावलले म्हणून अभिनेते प्राण यांनी त्याच ‘बेईमान’साठी स्वतःला मिळालेला सहायक अभिनेत्याचा पुरस्कार नाकारला. स्वतःच्या चित्रपटाला मिळालेल्या पुरस्काराविरुद्ध असे बोलणारा माणूस विरळाच.

‘तीर-ए-नज़र’चे शब्द कैफ भोपाली यांचे आहेत. साहिबजान तिथे आपल्या प्रार्थनेचा परिणाम पाहायला उभी आहे, आणि लताबाईंनी ‘देखेंगे’ हा शब्द प्रत्येक वेळी वाकवला आहे तो विनवणीसारखा नाही, आव्हानासारखा. डोळे मिटून एकदा ऐकावे. पाय कोणाचे, चेहरा कोणाचा, हे सारे बाजूला राहते आणि एक बाई कोणाला तरी ठणकावून सांगते आहे एवढेच उरते.

---

जुना_पडदा

समेवर यांचे आभार. एक राहून गेले, ते लिहितो. त्या नृत्याचा शेवट नर्तकीकडे नाही, तिच्या मावशीकडे आहे. नवाबजान ते रक्ताचे ठसे पाहते आणि शहाबुद्दीनला (अशोककुमार) हाक मारून सांगते की ये, बघ, तुझीच मुलगी तुझ्या अंगणात नाचते आहे. वीणा यांनी ते वाक्य ज्या आवाजात म्हटले आहे, त्यापुढे मला काच फिकी वाटते. ज्या घराण्याने आईला उंबरठ्याआत घेतले नाही, त्याच घराच्या अंगणात मुलगी पैसे घेऊन नाचायला आली आहे आणि कोणाला पत्ता नाही. अशोककुमार यांचा चेहरा त्या वेळी पाहावा. मुळात त्यांना सलीमच्या भूमिकेत घ्यायचे ठरले होते. काम लांबत गेले आणि ते नायकाऐवजी नायिकेचे वडील झाले. त्यांच्या चेहऱ्यावरचे ते वय अभिनयाने आणलेले नाही.

---

मेघमंद

सर्वांचे मनापासून आभार. इतके सविस्तर प्रतिसाद मिळतील असे वाटले नव्हते.

काल रात्री आम्ही दोघींनी दोन्ही गाणी पुन्हा पाहिली, आधी ‘तीर-ए-नज़र’ आणि मग ‘इन्हीं लोगों ने’. झुमक्यांची खूण मुलीला फार आवडली. तिने दूरचित्रवाणीपुढे जमिनीवर बसकण मारून, एकेक चित्र थांबवत, कोणते चित्र कोणाचे याची वहीत नोंद केली. तीन ठिकाणी आमचे एकमत झाले नाही. दुसऱ्या गाण्यात मागच्या माड्यांवरच्या मुली मी एवढ्या वर्षांत कधीच पाहिल्या नव्हत्या. त्या दिसल्यावर मुलीने विचारले, “त्यांची गाणी कोणती असतील?” याचे उत्तर मला देता आले नाही.

तिला आता वार्षिक कार्यक्रमात ‘इन्हीं लोगों ने’ बसवायचे आहे. तिने ते आपल्या गुरूंना सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या की हरकत नाही, पण पहिला महिनाभर घुंगरू बांधायचे नाहीत. सतरंजीवर बसायचे आणि बजाज, रंगरेज, शिपाई या तिघांपैकी एकालाच रोज आणायचे. सध्या आमच्या घरी बजाज आलेला आहे. स्वयंपाकघरातून पाहिले तर ती भिंतीकडे तोंड करून, हवेत कापड मोजत बसलेली दिसते.